तरे सरांची रविवारची भट्टी

तरे सरांच्या हाती खायचा पदार्थ पडला, की त्याचा कोळसा कसा होईल हे ते आधी सांगतात. माझ्या आईनं संकष्टीला मोदक पाठवले. रिकामं ताट परत करताना सर म्हणाले, "मावशी, उकड झकास हाय. तीन खाल्ले, दोन जाळले."

सर भिवंडीत आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक हास्यक्लबात जातात, सर कोळशात शिरले. कोळसाही साधा नाही. पिठाचा गोळा, सालं, देठ, जे मिळेल ते झाकणबंद डब्यात भाजायचं, मग क्षारात कालवून पुन्हा भाजायचं. त्यानं कोळशाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि त्या भोकांत वीज साठते, असं सर सांगतात. त्या पुडीचा लेप दिलेल्या दोन पट्ट्या मिठाच्या पाण्यात ठेवून ते मुगाएवढा लाल दिवा लावतात. आपण "वा" म्हणेपर्यंत तो विझतो. "भोकं कमी परली," म्हणत सर पुढच्या रविवारच्या तयारीला लागतात.

लूमच्या सुताला लावायची पिठाची खळ ते सायझिंगवाल्याकडून बादलीनं आणतात. बाजारात कोळणींपुढे पिशवी धरतात आणि म्हणतात, "कोलंबी नको, सालं द्या." त्या बिचाऱ्या कीव येऊन वर दोन कोळंब्या टाकतात.

सालं भाजली की इमारतीत बसवत नाही. खालच्या मजल्यावरचे अन्सारीभाई नाक दाबून वर येतात. "सर, आज किसको जलाया?"

"आओ, चाय पियो. बताता हूँ."

अखेर सोसायटीनं भट्टी बंद करायचं ठरवलं. मी सेक्रेटरी, त्यामुळे सांगायला मीच गेलो. जाताना तोडगाही नेला होता. माझ्या मावसभावाच्या, शहराबाहेर दापोड्याच्या गोदामात एक कोपरा रिकामा होता. तिथं हवं ते जाळा, कोणी हूं की चूं करणार नाही.

सरांनी ऐकता ऐकता गाळणं धुतलं. ओट्यावर चहाचं आधण उकळत होतं आणि शेजारी सहा कप मांडलेले होते.

"कोणी येणार आहे का?" मी विचारलं.

"तुम्ही सगलेच. सालं आताच टाकली ना." सर हसले, मग डब्याचं झाकण उगाच पुसत राहिले. "गोदाम चांगलंच हाय. पन तिथं भांडाया कोन येनार? ही गेली तवापासून माझ्या दारावर रविवारीच कोनतरी येतंय."

मला फार वाईट वाटलं. दापोड्याचा विषय मी तिथंच सोडला आणि चहात साखर घातली.

तेवढ्यात बेल वाजली. बाहेर अन्सारीभाई खोकत होते. मी दार उघडायला उठलो, तर सरांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"थांबा," ते हळूच म्हणाले, "अजून एकदा वाजू द्या."