बदकांच्या डॉक्टरला घर नाही

रविवारी दुपारी दिग्दर्शक गाओचा फोन आला, तेव्हा रुओशी पलंगावर मांडी घालून मालिकेचा पुढचा भाग लिहीत होती.

"नायकाला उडव," गाओ म्हणाला.

"उडव म्हणजे?"

"नदीत पाड, परदेशी पाठव, काहीही कर. नायिकेला फ्लॅटवाला दंतवैद्य दे. शेरे टाकणारी ती 'विहिरीजवळची मावशी' बघितलीस ना? तिच्या एकेका शेऱ्याला हजारो लाइक पडतायत. प्रेक्षक तिच्या बाजूने आहेत!"

"डॉक्टरला नदीत पाडू?" रुओशी ओरडली.

मोबाइलवर बघायची ही मालिका जशी लिहून होई तशी नानजिंगमध्ये चित्रित होत होती. रुओशीने तिचा नायक बदकांचा डॉक्टर केला होता. भाड्याच्या खोलीत राहणारा, नायिकेहून लहान, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसणारा. हे काही तिच्या कल्पनेतलं नव्हतं. त्याचं नाव दाचुआन होतं आणि गेली दोन वर्षं ती दोघं चोरून भेटत होती. चंद्राच्या सणाला त्याला घरी जेवायला आणायचं होतं. तिची आई, गुइझेनबाई, अशा मालिका चवीने बघायची. पडद्यावरच्या आईने असा जावई स्वीकारला, की घरातल्या आईचंही मन तयार होईल, असा रुओशीचा हिशेब होता. लेक कुठली मालिका लिहिते हे आईला ठाऊक नव्हतं. करारात तशी अटच होती.

आता नायकच नदीत पडला तर सगळंच बुडालं.

तिने मालिका लावली. चालू दृश्यावरून प्रेक्षकांचे शेरे धावत होते आणि त्यात मावशी सगळ्यांत पुढे होती. "घर नाही तर लग्न नाही!" "बदकांना सांभाळणारा बायकोला काय सांभाळणार!"

रुओशीने टोपणनावाने उत्तर ठोकलं, "मावशी, तुमच्यासारख्या आयांमुळेच मुली घरी काही सांगत नाहीत."

भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात 'टिंग' वाजलं.

"आली मोठी शहाणी!" आईचा आवाज आला.

रुओशी थबकली. योगायोग असेल. एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. तिने मावशीला नुसतं एक टिंब पाठवलं. टिंग. आणखी एक. टिंग.

"डोकंबिकं फिरलंय का हिचं?"

मावशी म्हणजे आईच होती! रुओशीचं कुतूहल जागं झालं. आईला काहीही विचारलं की उत्तर भाजीपाल्याबद्दल यायचं. मावशीला मात्र काहीही विचारता येणार होतं.

"मावशी, घराचा एवढा आग्रह कशाला?"

झाऱ्याचा आवाज थांबला. मग रुओशीच्या फोनवर टिंग वाजलं.

"लग्न झाल्यावर आम्ही सासरच्या खोलीत पडद्याआड राहिलो. मग भाड्याची घरं. मालक बदलला की माझी कढई रस्त्यावर. माझ्या पोरीने कढई घेऊन फिरू नये."

रुओशीने ते दोनदा वाचलं. मग टाईप केलं, "पण मुलगा चांगला असला तर?"

"चांगला आहे का ते कळणार कसं? ही नायिका त्याला आईसमोर आणतेय कुठे? पोराचा काही दोष नाही. पोरगीच घुमी आहे. आई ओरडेल म्हणे! ओरडू दे की. ओरडून झालं की फळं कापून कोण आणतं? आईच ना?"

"मग त्या मुलीने काय करावं?"

या वेळी स्वयंपाकघरात टिंग वाजलं आणि उत्तराऐवजी सुरी चालल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने दार उघडलं. गुइझेनबाई खरबुजाच्या फोडींची ताटली घेऊन उभ्या होत्या. भांडण तर झालंच नव्हतं.

"तुझे बाबा, तू आणि मी. सणाला तीन वाट्या मांडू की चार?"

रुओशीने फोन पालथा ठेवला. "तुला... कसं कळलं?"

"मी काही पाठवलं की तुझ्या खोलीत टिंग वाजतं. मी काय बहिरी आहे? आणि दोन वर्षं तुझ्या कोटाची बदकाची पिसं मीच काढतेय. मला वाटलं, नवीन फॅशन असेल." ताटली टेबलावर ठेवत त्यांनी आवाज खाली आणला. "मला एक सांग, सणाला मी खारवलेलं बदक करते. तो खातो का गं? की पेशंट म्हणून खात नाही?"

दोन वर्षांत हा प्रश्न रुओशीला एकदाही पडला नव्हता.

"विचारते," ती म्हणाली.

"विचार. म्हणजे तुला तरी कळेल कुणाशी लग्न करतेयस ते."

आई गेली. रुओशीने फोन उचलला, तोच तो वाजला. टिंग. मावशीचा नवा शेरा होता.

"डॉक्टरला नदीत पाडू नका. घराचं बघू नंतर. आधी त्याला चष्मा पुसायला एक रुमाल घेऊन द्या."