छप्पर गळायचं थांबलं की

तात्याराव शेलारांच्या संसारात अकरा वर्षं एक छप्पर आड येत होतं. ते घराचं नव्हतं, गाडीचं होतं.

गाडी म्हणजे १९८८ सालची व्हॅन. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर तात्यारावांनी ती घेतली. आधीच्या कुणा हौशी माणसाने तिच्यावर फायबरचं उंच छप्पर चढवून आत दोन पलंग आणि एक शेगडी बसवली होती. "तुला समुद्र दाखवतो," म्हणून तात्याराव सुंदराबाईंना घेऊन कोथरूडहून निघाले. ताम्हिणी घाटात पाऊस लागला आणि छप्पर नेमकं सुंदराबाईंच्या टाळूवर गळू लागलं. सुंदराबाईंनी पदर पिळला आणि एकच शब्द उच्चारला.

"वळवा."

घरी आल्यावर त्यांनी उरलेलं बोलून घेतलं. "छप्पर गळायचं थांबलं की सांगा. तोवर समुद्राचं नाव काढायचं नाही."

तेव्हापासून तात्यारावांनी त्या छपरावर एमसील लावलं, डांबर ओतलं, त्यावर प्लास्टिक अंथरलं. छप्पर गळतच राहिलं. शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी बद्रीनाथ यांनी फलकावर नोटीस लावली: 'पार्किंग क्रमांक नऊमधील अवशेष पंधरा दिवसांत हलवावेत, अन्यथा भंगारात देण्यात येतील.'

"अवशेष?" तात्यारावांनी विचारलं.

"गाडी लिहिणार होतो," बद्रीनाथ म्हणाले, "पण गाडी जाते."

तात्यारावांनी दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आणला, इंजिन खोकत का होईना चालू झालं, आणि गाडी वाघोलीला मकसूदभाईंच्या कारखान्यात पोचली. मकसूदभाई फायबरचं काम करत. बागेतल्या घसरगुंड्या, तोंड उघडून कचरा खाणारे ससे, हॉटेलांच्या दारातले जिराफ, सगळं त्यांच्या हातचं. त्यांनी छपरावरचं डांबर खरवडलं. खाली एमसील निघालं. त्याखाली एक फ्लेक्स निघाला. त्यावर कुणा नेत्याचे अर्धे डोळे होते आणि 'वाढदिवसानिमित्त' एवढाच शब्द शिल्लक होता.

"हे कुणी लावलं?"

"मीच," तात्याराव म्हणाले. "मजबूत असतात."

"माणूस मजबूत असंल. फ्लेक्स नाय." मकसूदभाईंनी छपराच्या पुढच्या भागावर बोटाने टकटक केलं. बोट आत गेलं. "एवढा तुकडा नवाच घालावा लागंल, साहेब. अशा गोलाईचा साचा आपल्याकडं पडलाय."

साच्यात मेण चोळून झालं, काचेच्या तंतूंची चटई अंथरली आणि मकसूदभाईंनी बादलीत रेझिन ढवळायला घेतलं. साच्याच्या कडेला एक नक्षी कोरलेली होती. हारासारखी.

"हा साचा कुठल्या गाडीचा?" तात्यारावांनी विचारलं.

"एका संस्थेच्या. माणसं नेतात-आणतात." मकसूदभाई ढवळत राहिले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "नेतातच जास्त."

"म्हणजे?"

"हार्डनर पडलं, साहेब. आता हे कुणासाठी थांबत नाय. बोलणं नंतर."

ते नंतर कधी आलंच नाही. तुकडा बसला, सांधे घासले गेले, आणि तात्यारावांनी रंग सांगितला पांढराशुभ्र. पांढऱ्या छपराखाली गाडी सहा अंशांनी थंड राहते, असं त्यांनी मोबाइलवर वाचलं होतं. मकसूदभाईंनी छपरावर दोन तास पाइपने पाणी सोडलं. आत तात्याराव मान वर करून बसले होते. थेंब आला नाही. त्यांच्या डोळ्यांत मात्र आला.

परतीच्या वाटेवर पुणं बदललेलं होतं. नगर रस्त्यावर गाड्या आपण होऊन बाजूला झाल्या. एका रिक्षावाल्याने रेडिओ बंद केला. स्कूटरवरच्या बाईंनी हात जोडले. चौकातल्या पोलिसाने लाल दिवा असताना हाताने पुढे जा म्हणून खुणावलं आणि टोपी काढली. या शहरात पस्तीस वर्षं गाडी चालवून तात्यारावांना कुणी कधी वाट दिली नव्हती. जुन्या वस्तूची कदर अजून आहे, असं म्हणून त्यांनी प्रत्येकाला मान लववून उत्तर दिलं.

सोसायटीच्या वॉचमनने, गेनबाने, फाटकाची दोन्ही दारं उघडली.

"कोन गेलं, सायेब?"

"मीच गेलो होतो, वाघोलीला. आलो आता," असं म्हणून तात्याराव आंघोळीला वर गेले.

गेनबाने विचार केला. दुसऱ्या मजल्यावरचे बाबुराव त्र्याण्णव वर्षांचे होते आणि दिवाळीपासून आज-उद्या करत होते. त्याने बद्रीनाथना फोन लावला. बद्रीनाथ कार्यक्षम माणूस. त्यांच्याकडे 'दुःखद निधन'चा मजकूर नाव आणि वेळ मोकळी सोडून तयारच असे. दहा मिनिटांत नाव भरून कागद फलकावर लागला. लिफ्ट राखून ठेवण्यात आली. अर्ध्या तासात तीन घरांतून पिठलं-भात निघाला आणि बाबुरावांच्या सुनेच्या, शालनच्या दारात एकाच वेळी पोचला.

"फार वाईट झालं," पहिल्या पातेल्याने म्हटलं.

"काय झालं?"

"बाबुराव..."

"आत आहेत. उपमा खातायत," शालन म्हणाली. "मीठ कमी पडलं म्हणून कळलं होय तुम्हाला?"

बाबुराव काठी टेकत गॅलरीत आले. त्यांनी खाली उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीकडे आणि तिच्या कपाळावरच्या हाराकडे बराच वेळ पाहिलं.

"कुणी आणली?"

"तात्यारावांनी."

"शेजारधर्म आहे," बाबुराव म्हणाले. "निदान विचारायचं तरी."

मग राखून ठेवलेल्या लिफ्टने ते खाली उतरले. तात्याराव डोकं पुसत धावत आले तोवर बाबुराव गाडीतल्या पलंगावर आडवे होऊन लांबी मोजत होते.

"पुरतंय. ही खिडकी उघडते का?"

"अहो, ही सहलीची गाडी आहे."

"उघडते का?"

"उघडते."

"मग मी यातनंच जाणार. महापालिकेच्या गाडीत काही दिसत नाही. शालन, ऐकलंस ना?"

सुंदराबाई रोज चार वाजता बाबुरावांना चहा नेऊन देत. त्या दिवशी चहा गाडीतच द्यावा लागला. त्यांनी तो खिडकीतून दिला. आत पाऊल टाकलं नाही.

"थांबलंय गळायचं," तात्याराव हळूच म्हणाले. "दोन तास पाणी सोडून पाहिलं."

"पाइपाचं पाणी सांगू नका मला. आणि यात बसायला मला अजून वेळ आहे."

बद्रीनाथनी फलकावरचा कागद काढला नाही. लावलेली सूचना काढायला सोसायटीत ठराव लागे. त्यांनी त्याखाली लिहिलं: 'वरील निधन तूर्त स्थगित.' शेजारी दुसरी नोटीस लावली: 'पार्किंग क्रमांक नऊमधील वाहनामुळे ज्येष्ठ सभासदांना अस्वस्थ वाटते. रविवारपर्यंत रंग बदलावा अथवा वाहन भंगारात द्यावे.'

मकसूदभाई रंगाचे डबे घेऊन कोथरूडला आले.

"मी बोललो होतो, साहेब. नेतात जास्त."

"हा हार घासून काढा."

"तिथं थर पातळ आहे. घासला की गळंल."

गळंल म्हटल्यावर तात्यारावांचा प्रश्न मिटला. हार राहिला. मकसूदभाईंनी छप्पर जिराफाच्या उरलेल्या पिवळ्या रंगाने रंगवलं आणि हाराला हिरवा देऊन वेल केला. पिवळ्याचा दुसरा हात बुधवारी झाला. गाडी आता मृत्यूची वाटत नव्हती. कशाचीच वाटत नव्हती.

शुक्रवारी चार वाजता सुंदराबाई चहा घेऊन वर गेल्या आणि भरलेला कप घेऊन खाली आल्या.

"बाबुराव गेले," त्या म्हणाल्या.

बाबुरावांचा मुलगा परगावी गेलेला होता, फोनवर होता. तो थेट वैकुंठ स्मशानभूमीत पोचणार होता. महापालिकेची गाडी तीन तासांनी मिळणार होती. शालन पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली. तिला काही मागायची गरज पडली नाही. तात्यारावांनी शेगडी काढून बाजूला ठेवली, पलंगावर धुतलेली चादर घातली आणि खिडकी उघडून पाहिली. बद्रीनाथनी फलकावर लिहिलं: 'वरील स्थगिती उठवण्यात येत आहे.' मग पेन खिशात ठेवून त्यांनी स्वतः खांदा दिला.

शालन मागे एकटी बसायला बावरली. सुंदराबाईंनी पदर खोचला आणि अकरा वर्षांनी गाडीत चढल्या.

कर्वे रस्त्यावर कुणी तसूभर वाट दिली नाही. मागून हॉर्न वाजत होते. एका मोटरसायकलवाल्याने काचेजवळ येऊन विचारलं, "ओ काका, पिकनिक वाटतं?" चौकात पोलिसाने शिट्टी मारून गाडी बाजूला घेतली.

"मागे कोण आहे?"

"बाबुराव," तात्याराव म्हणाले.

"सीटबेल्ट लावलाय का त्यांनी?"

तात्यारावांनी नुसतं मागे बोट दाखवलं. पोलिसाने डोकावून पाहिलं, शिट्टी खिशात घातली आणि हाताने पुढे जा म्हणून खुणावलं.

म्हात्रे पुलावर वळवाची सर आली, चांगली जाड. छपरावर ताशा वाजावा तसा आवाज सुरू झाला. आरशात तात्यारावांना सुंदराबाई दिसत होत्या. त्यांचा एक हात शालनच्या पाठीवर होता आणि नजर छताला लावलेली होती. वैकुंठ येईपर्यंत त्यांनी ती काढली नाही. उघड्या खिडकीतून बाबुरावांच्या चादरीची एक कड भिजली. छतातून काही आलं नाही.

साडेसहाला सगळं उरकलं. मुलगा शालनला घेऊन रिक्षाने गेला. तात्याराव स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. सुंदराबाई पुढे येऊन शेजारी बसल्या.

"घरी जाऊ," तात्याराव म्हणाले. "आंघोळ करायची आहे."

"आंघोळ घरीच करावी लागते का?"

"तसं काही नाही. घरात शिरायच्या आधी झाली म्हणजे झालं."

सुंदराबाईंनी काचेवरून ओघळणारं पाणी पाहिलं. पौड फाटा आला. घराकडचं वळण आलं. तात्यारावांचा हात इंडिकेटरकडे गेला.

"वळवू नका," सुंदराबाई म्हणाल्या.

गाडी सरळ चांदणी चौकाकडे निघाली. पलीकडे ताम्हिणी, आणि त्यापलीकडे कधीतरी समुद्र. बऱ्याच वेळाने तात्यारावांना सुचलं.

"टॉवेल?"

"पलंगाखाली आहेत. दोन."

"कधी ठेवलेस?"

"जिराफाचा दुसरा हात मारला ना, त्या दिवशी. दारातूनच सरकवले," सुंदराबाई म्हणाल्या. "तुम्ही विचारलंच नाहीत."

मागची खिडकी अजून उघडीच होती.