चापड्याच्या अकरा ओळी

"‘हिरवा चापडा. झाडावर राहणारा साप. विषारी.’ झालं, संपली पाटी!" असं म्हणत संग्रहालयाच्या प्रमुख मॅडमनी कागदावरच्या उरलेल्या ओळींवर लाल पेन फिरवलं.

संग्रहालयात बावीस वर्षं माहितीच्या पाट्या लिहिणाऱ्या लेखकरावांचा जीव कळवळला. हे नाव त्यांना मॅडमनीच दिलं होतं, आणि ते काही लाडानं दिलेलं नव्हतं. आजवर त्यांची एकही पाटी तीन ओळींच्या पुढे गेली नव्हती. निवृत्तीला आता आठवडा उरला होता. जाण्याआधी एक तरी पाटी अख्खी लागावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

"मॅडम, माणसाला तो किती धोकादायक, हे लोकांना कळायला नको?"

"‘विषारी’मध्ये सगळं आलं."

लेखकरावांनी रागारागानं टेबलावरची चापड्याची कवटी उचलली आणि तिचा दात कचकन त्यांच्या अंगठीच्या बोटात घुसला. रक्ताचा थेंब आला.

मॅडमचा चेहरा पडला. "अहो, वाळलेलं विषसुद्धा वर्षानुवर्षं टिकतं!" त्यांनी इस्पितळात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, या विषानं माणूस सहसा मरत नाही, पण हात सुजून असा ठणकतो की जीव नकोसा होतो, आणि क्वचित जिवावरही बेततं. बांधू नका, कापू नका, हात हलवू नका, अंगठी तेवढी काढा. गाडी पाठवतो.

अंगठी बावीस वर्षांत निघाली नव्हती, ती आज कशी निघणार? दोघांनी ओढओढ ओढली. बोट टम्म फुगलं.

"सूज आली!" मॅडम किंचाळल्या.

लेखकरावांनी मान मागं टेकली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, डोकं हलकं हलकं होत चाललं होतं. दालनात दुपारचं ऊन तिरकं उतरलं होतं. बरण्यांमधून गाळून आलेला हिरवा उजेड फरशीवर डुलत होता, आणि पेंढा भरलेले बगळे हळूच श्वास घेताहेत असं वाटत होतं. मरण इतकं मऊ असतं तर आपण उगाच घाबरत आलो, असं त्यांच्या मनात आलं.

"मॅडम, पाटी लिहून घ्या."

"आत्ता?"

"नंतर कोण सांगणार?"

मॅडमना नाही म्हणवेना. त्या पेन आणायला कपाटाशी गेल्या, तिथं जरा जास्तच रेंगाळल्या आणि परत येऊन शांतपणे बसल्या. "सांगा. सावकाश."

"हा पान होऊन बसतो. वारा आला की पानांबरोबर डोलतो. तो आपल्या मागे येत नाही, आपलाच हात फांदीकडे जातो. चावला तर हात सुजेल, फार दुखेल. माणूस बहुधा वाचतो, पण बहुधाच्या भरवशावर बसू नये. न धावता, न थांबता इस्पितळ गाठावं. बरं वाटल्यावर पुन्हा त्या झाडापाशी जावं, लांब उभं राहून वर बघावं. तो आपल्याला केव्हाच विसरलेला असतो."

अकरा ओळी भरल्या. मॅडमनी डोळे पुसले. "एक शब्द कापणार नाही," असं म्हणून त्या कागद घेऊन छपाईला गेल्या.

तेवढ्यात प्राण्यांचे नमुने घडवणारे उस्ताद जेवून आले. त्यांनी कवटी उजेडात धरली. "माझा दात कोणी वाकवला? सुईला प्लास्टर चढवून केला होता हो!"

"तुमचा?"

"मग काय! ही नक्कल. खरी कवटी कपाटात आहे."

लेखकरावांनी बोटाकडे पाहिलं, मग दाराकडे. छपाईला तासभर तरी लागणार होता. "उस्ताद, आज ब्र काढू नका," ते कुजबुजले आणि पुन्हा कण्हू लागले. गाडी आली. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या त्यांना खिडकीतून झाडांचे शेंडे सरकताना दिसत होते. कामाच्या वेळेत त्यांना इतकं निवांत कधी वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी अंगठी कापली, बोट तपासलं, बराच वेळ बसवून ठेवलं आणि घरी पाठवलं.

सकाळी काचेवर पाटी लागली होती. अकराच्या अकरा ओळी! लेखकरावांना भरून आलं. मग मन खाऊ लागलं.

"मॅडम, एक सांगायचं होतं. तो दात..."

"प्लास्टरचा होता. पेन आणायला गेले तेव्हाच खरी कवटी दिसली मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बावीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मनापासून लिहीत होता. मध्येच कशी बोलू?" मॅडमनी त्यांच्या हातात कोरा कागद ठेवला. "आठवडा आहे अजून. उद्या वाघाची पाटी. मी प्राणिसंग्रहालयात फोन केलाय, पिंजऱ्याच्या आतपर्यंत सोडतील तुम्हाला."