हॉलीला वारा घालताना

दोन कुंड्यांपैकी एक साहेबांना द्यायची, हा निर्णय मी अर्ध्या मिनिटात घेतला. (एरवी एका फायलीवर शेरा मारायला मला आठ दिवस लागतात.)

कुंड्यांत हॉलीची झुडपं होती, साडूबुवांनी आणलेली. ते राहतात बर्फ पडतो तिथे. हिवाळ्यात त्यांची सगळी बाग झोपते, हॉली तेवढी जागी असते. काटेरी हिरवीगार पानं आणि त्यांत लालभडक फळांचे घोस. असे फोटो थोरली मेहुणी दर हिवाळ्यात बायकोला पाठवते आणि बायको ते दर हिवाळ्यात मला दाखवते, जणू आमच्याकडे फळं न येण्यात माझाच काही हात आहे.

"जोडी आहे, दोन्ही सांभाळा," असं साडूबुवा म्हणाल्याचं मला अंधुक आठवतं. पण तेव्हा माझी बढती अडकली होती आणि आमच्या मागच्या भिंतीपलीकडेच साहेबांचा बंगला. साहेबांनी कुंडी पाहिली, "काटे आहेत," एवढंच म्हणाले आणि घरामागे नळापाशी सावलीत ठेवून दिली. बढती दुसऱ्याला मिळाली.

आमच्या कुंडीसाठी साडूबुवा एक कागद देऊन गेले होते. त्यावर त्यांच्याकडचं वर्षभराचं वेळापत्रक होतं. मी पडलो कारकून. कागदावर असेल ते करायचं, हवा बघायची नाही. 'दिवसभर ऊन द्यावे' असं होतं, म्हणून दिलं. त्यांच्या उन्हात लोक हौसेने बसतात, आमच्या उन्हात प्लॅस्टिकची बादली तडकते. अर्धी पानं करपली. 'डिसेंबरात गोणपाट गुंडाळावे.' आमच्याकडे डिसेंबर म्हणजे पंखा पाचावरून तीनवर. तरी मी गोणपाट गुंडाळलं.

"अहो, जीव गुदमरेल तिचा," बायको म्हणाली.

"कागदावर आहे."

"कागदावर बर्फसुद्धा आहे. तो कुठून आणणार?"

फ्रिजमधून आणला. रोज दोन ट्रे. तेवढ्याने भागेना, तेव्हा टेबलफॅन अंगणात नेऊन लावला.

"लग्नाला एकोणीस वर्षं झाली," स्वयंपाकघरातून पदराने घाम पुसत बायको म्हणाली, "मला कधी वारा घातला नाहीत."

फुलं मात्र आली, बारीक, पांढरी. त्यांच्यावर मधमाश्याही घोंगावल्या. फळ एक नाही. तिसऱ्या हिवाळ्यात मेहुणीचा फोन आला. "काय गं, एखादं तरी फळ?" तिने विचारलं. बायकोचा चेहरा इतकुसा झाला. मला ते बघवेना. मी फोन घेतला आणि म्हणालो, "एखादं काय, मोजायला माणूस ठेवावा लागेल."

"मग आम्ही पुढच्या आठवड्यात येतोच आहोत, बघू की," मेहुणी म्हणाली.

आता बहिणीपुढे बायकोची मान खाली जाणार, ती माझ्यामुळे. मी घरभर शोधाशोध केली. कपाटाच्या तळाशी लाल मण्यांची एक माळ सापडली. बायको ती कधीच घालत नसे. मी दोरा कापला, डिंकाची बाटली घेतली आणि सकाळभर एकेक मणी चिकटवत बसलो. दुपारी बायको अंगणात आली. फळं बघून तिचे डोळे भरून आले. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. (नाही सांगितलं.)

पाहुणे आले. साडूबुवा चष्मा लावून झाडापाशी वाकले.

"कमाल आहे," ते म्हणाले. "हा तर नर आहे."

"कोण?" मी विचारलं.

"हे झाड. पानाला पिवळी कडा असलेला नर मीच निवडून आणला होता. हॉलीत नर वेगळा, मादी वेगळी. फळं येतात ती फक्त मादीला. म्हणून तर जोडी दिली. मादी कुठाय?"

तेवढ्यात मेहुणीने एक फळ तोडलं. "ह्याला आरपार भोक आहे," ती म्हणाली. "ही मी तुझ्या वाढदिवसाला दिलेली माळ ना गं?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला साडूबुवांच्या देशातली थंडी कशी असते ते कळलं.

भिंतीवरून साहेबांचं डोकं वर आलं. हातात लाल फळांनी वाकलेली फांदी.

"बरं झालं भेटलात. तुम्ही दिलेलं ते झाड. मी ढुंकूनही बघत नाही, तरी बघा कसं लगडलंय."

"मधमाश्या," साडूबुवांनी खुलासा केला. "इकडचे पराग उचलून तिकडे नेतात. हा नर नसता तर तुमच्याकडे एक फळ धरलं नसतं."

म्हणजे बर्फ माझा, पंखा माझा, वीज माझी आणि फळं साहेबांची. ऑफिसात तरी वेगळं काय होतं म्हणा.

"साहेब," बायको शांतपणे म्हणाली, "ही कुंडीही घेऊन जा. आणि हिच्याबरोबर ह्यांनाही न्या."

साहेबांनी आधी झाड नीट बघून घेतलं, मग मला.

"झाड नेतो," ते म्हणाले. "ह्यांना दिवसभर मीच सांभाळतो. संध्याकाळचं तुमचं तुम्ही बघा."

झाड गेलं, मी राहिलो. टेबलफॅन बायकोच्या ओट्याशेजारी लागला. मी त्याच्या वाऱ्याबाहेर बसून माळ पुन्हा ओवतोय, पण भोकांतला डिंक काही केल्या निघत नाही.