कढीपत्त्याखालचं बारसं

आमच्या शेजारच्या शिरसाठ सरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, चपला राहतात. माझा जावई दिंडोरीहून द्राक्षबागेतला चिखल घेऊन दारात आला, तर "या बसा" राहिलं बाजूला, हे गृहस्थ कुंपणापलीकडून ओरडले, "पाय झटकू नका!" आणि येऊन चमच्याने त्याच्या बुटाचा चिखल खरवडून घेतला. चमचा माझा. साखरेच्या डब्यातला.

सर नाशिकरोडच्या एका कॉलेजात जंतूंचा विषय शिकवायचे. निवृत्त झाले, पण जंतू सुटले नाहीत. लग्न केलं नाही. माझ्याहून थोडेच लहान, तरी मला मावशी म्हणतात. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

त्यात त्यांनी माझं अंगण खणलं. न विचारता. सकाळी बघते तर कढीपत्त्याच्या बुंध्याशी उकिडवे बसलेले.

"मावशी, ही माती हुंगून बघा."

"मला झाडायची माती पुरे आहे, हुंगायची नको."

काही दिवसांनी धावत आले. त्या मातीत एक जंतू निघाला होता, कोणाच्याच ओळखीचा नसलेला.

"नवीन आहे, मावशी!"

"नवीन कसला? माझ्या खरकट्या पाण्यावर वाढलाय. घरचाच आहे."

मग चौकशी सुरू झाली. तो खातो काय, मीठ किती सोसतो, उष्णता किती सोसतो, नातलग कोण. आमच्या वेळी मुलीचं स्थळ बघतानाही कोणी इतकं खोदत नव्हतं. कुळी तपासायला त्याला परगावी धाडलं. त्याचेच भाऊबंद इथे काचेच्या नळीत, आणि सरांचा फ्रीज बंद पडला म्हणून नळी माझ्या फ्रीजमध्ये, श्रीखंडाशेजारी! मी ती दारातल्या कप्प्यात सरकवली, तर माझ्यावरच डाफरले. "दार उघडलं की त्याला गरम होतं!"

पुढे सरांनी त्याच्यावर लिहून परदेशी पाठवलेल्या लेखावर तिथल्या परीक्षकांनी कळवलं की हा ओळखीच्याच जातीतला दिसतो, वेगळा असल्याचा आणखी पुरावा द्या. सरांनी तो पाठवला आणि जेवण सोडलं. मी पिठलं-भाकरी घेऊन गेले.

"मावशी, याला आधीच कोणी नाव ठेवलं असलं तर?"

"मला सगळी कॉलनी नावं ठेवते. मी मेले का? जेवा."

परवा उत्तर आलं. जात वेगळी ठरली. सर इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभे. फ्रीजमधून नळी मागून घेतली, हातरुमालात गुंडाळली.

"नाव ठरलंय. अंगणेन्सिस. म्हणजे अंगणातला."

"मग ठेवा की. मला काय विचारता?"

"नाव आत्या ठेवते." सर माझ्या चपलांकडे बघत होते. "मला बहीण नाही, ताई."

इतकी वर्षं मावशी म्हणून मला म्हातारी केली, आणि काम पडल्यावर ताई! चांगलं सुनावलं मी. मग कढीपत्त्याखाली जाऊन नळी हातात घेतली. तिला कान कुठे असतो कोण जाणे. बुचाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "कुर्रर्र... अंगणेन्सिस."

आत्याने कानात नाव सांगितलं की मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. इथे मागे कोण असणार? सर एकटेच. त्यांनी हात उचलला, अडखळले, आणि माझ्या पाठीवर नुसता टेकवला.

"याला धपाटा म्हणतात होय?" मी म्हटलं. "जोरात घाला."