सहा मीटर लेस आणि वर थोडी

शिंपी म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत, तिथेच घोळ झाला. लेकीचा उद्या गणिताचा पेपर होता. एकदा नापास झालेला विषय, आणि रेडियन काही केल्या डोक्यात शिरेना. पोरगी रडकुंडीला आलेली.

"अगं, गोल कापण्यात जन्म गेला माझा. ये इकडे," म्हणत मास्तरांनी गोल टेबलक्लॉथ पसरला. मध्यापासून काठापर्यंत बरोबर एक मीटर. संध्याकाळी गिऱ्हाईक न्यायला येणार होतं, लेस तेवढी लावायची राहिली होती.

मास्तरांनी मीटरभर लेस काठावर टाचली आणि तिच्या दोन्ही टोकांपासून मध्यापर्यंत खडूने रेघा ओढल्या. "त्रिज्येएवढी लेस काठावर. मध्यात झाला तो कोन एक रेडियन. आहे काय त्यात!"

लेकीचा चेहरा खुलला. "म्हणजे इथे त्रिज्या एक, म्हणून जितके मीटर लेस तितकेच रेडियन? मग पूर्ण वर्तुळाला सहा पूर्णांक अठ्ठावीस..."

"सहा. शाळेत कंपासने सहा पाकळ्यांचं फूल काढायचो आम्ही. त्रिज्या सहा वेळा चोख बसते. म्हणून तर लेस मोजून सहा मीटर आणलीय."

"पण पुस्तकात..."

"पुस्तकवाल्यांनी कधी लेस लावलीय?"

लेकीचा चेहरा पुन्हा पडला. मास्तरांनी मशीन चालवलं आणि शेवटी वीतभराहून मोठी फट उरली. लेस ओढून पाहिली, तर टेबलक्लॉथचा बटवा झाला.

"आटली वाटतं," मास्तर पुटपुटले.

लेकीने फटीला टेप लावला. अठ्ठावीस सेंटीमीटर! ती हसतच सुटली. "बाबा, कंपास एका पाकळीच्या टोकाकडून दुसरीच्या टोकाकडे सरळ आडवा जातो. लेस काठाने वळसा घालून जाते. तिला जास्त लागणारच."

तेवढ्यात दारात गिऱ्हाईक. मास्तर आतल्या खोलीत धावले. तसलीच लेस बायकोने उशीच्या अभ्र्याला हौसेने लावली होती. कात्री चालली, फट बुजली, गिऱ्हाईक खूश होऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी लेक उड्या मारतच घरी आली. "पूर्ण वर्तुळाचे रेडियन विचारले होते. मला तुम्हीच आठवलात."

"मग! शिकवलंच होतं तसं."

"शिकवलेलं नाही हो, ती फट आठवली."

दुपारी मास्तर आडवे व्हायला गेले. बायकोने तो बोडका अभ्रा त्यांच्याच उशीला चढवून ठेवला होता. पण लेक पास होणार म्हटल्यावर मास्तरांना त्यावरही छान झोप लागली.