लेकराला सांगितलं का?

आमच्या ऑफिसच्या पाळणाघरातून कुठल्याही आईला गुपचूप बाहेर पडता येत नाही. दारातच स्टूल टाकून कौसामावशी बसलेल्या असतात. मूल खेळण्यात रमलंय, आता हळूच सटकावं, असं तुमच्या मनात येतं न येतं तोच मागून आवाज येतो, "ओ मॅडम, लेकराला सांगितलं का?"

सांगितलं की मूल भोकाड पसरतं. ते मावशींनाही ठाऊक असतं. "आई चालली तर रडंल न्हाई तर काय हसंल? जावा तुम्ही," असं म्हणून त्या मुलाला कडेवर घेतात. मूल रडत असतं, आई डोळे पुसत जिना चढत असते आणि मावशींचा चेहरा मात्र काम नीट पार पडल्यासारखा.

माझी सई दीड वर्षाची होती तेव्हा मी तिला पहिल्यांदा तिथं ठेवलं. निघताना म्हणाले, "सोनू, मी आत्ता येते हं."

मावशींनी चष्म्यावरून पाहिलं. "आत्ता म्हंजे कवा?"

"दुपारी, जेवणाच्या सुट्टीत."

"मग दुपारी म्हणा की. आत्ता कामून म्हणताव? ती आत्तापासून दाराकडं बघत बसंल."

"एवढ्याशा पोरीला दुपार काय कळते, मावशी?"

"भात तर कळतो. वरणभात झाला की आई, असं सांगते मी तिला."

त्या दुपारी बैठक लांबली आणि मला खाली जायला उशीर झाला. सई ठोकळ्यांवर ठोकळे रचत मजेत बसली होती. फुगल्या होत्या त्या मावशी. "भात कवाच झाला. लेकरापुढं खोटं पाडलं मला," एवढंच म्हणाल्या आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

बापांनाही सूट नव्हती. एकदा आमचे हे सईला सोडून खिडकीखालून वाकून निघाले होते. "जावईबापू, कंबर धरली का?" मावशींनी विचारलं. हे ओशाळून परत आत गेले आणि सईपुढं उकिडवे बसून, आधी गॅसच्या दुकानात, मग बँकेत, मग आपल्या दुकानावर, असा सगळा कार्यक्रम सांगून आले. सईपेक्षा मावशीच लक्ष देऊन ऐकत होत्या. तेव्हापासून हे घरात आंघोळीला जातानासुद्धा सईला सांगून जायला लागले.

मला या बाईचं नवल वाटायचं. हे त्यांना कुणी शिकवलं, म्हणून मी दोन-तीनदा विचारलं. एकदा म्हणाल्या, टीव्हीत दाखवत होते. एकदा म्हणाल्या, सासूनं सांगितलं. सासूला तर त्यांनी पाहिलंच नव्हतं, हे त्यांनीच मला आधी सांगितलं होतं.

मग लातूरहून बदली होऊन पल्लवी आली. इंजिनियर. तिचा ओम दोन वर्षांचा. पल्लवीला मुलाचं रडणं सोसवत नसे. मावशी दूध तापवायला आत गेल्या की ती मागच्या दारानं निघायची. ओमनं पहिल्या दिवशी आईला दाराआड शोधलं, पलंगाखाली शोधलं, कोपऱ्यातल्या पिशव्या उचलून पाहिल्या. मग त्यानं खेळणंच सोडलं. घरी आईची ओढणी मुठीतून सोडेना. ती न्हाणीघरात गेली की बाहेर दारावर थापा मारत बसे. पंधरा दिवसांत पल्लवी रडकुंडीला आली. "मी राजीनामाच देते," ती मला म्हणाली. "माझ्या नोकरीपायी पोराचे हाल होतायत."

मावशी शेजारीच दुपट्यांच्या घड्या करत होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांची बैठक सुरू असताना दार उघडलं. कडेवर ओम, पदर खोचलेला, जिना चढून दम लागलेला, अशा मावशी आत आल्या.

"साहेब, दोन मिन्टं. ह्या बाईंचं एक काम राहिलंय."

साहेबांना वाटलं, एखादी फाइल. "कोणतं?"

"लेकराला सांगायचं."

पल्लवी लाल होऊन उठली. ओमचा हात धरून म्हणाली, "ओम, आई इथं काम करते. वरणभात झाला की मी खाली येणार." ओमनं जो सूर लावला तो जिना उतरेपर्यंत आम्हाला ऐकू येत होता. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आज बैठक जेवणाच्या आत संपवू."

त्यानंतर पल्लवी रोज सांगून जाऊ लागली. ओम रोज रडायचा, पण हळूहळू रडणं आखूड होत गेलं. महिन्याभरानं तो दारात थोडं मुसमुसून, नाक पुसून, आपणच ठोकळ्यांकडे वळायला लागला. राजीनाम्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

एका दुपारी सगळी मुलं झोपली होती. मी मावशींना म्हणाले, "आता तरी खरं सांगा."

पाळण्याची दोरी ओढत त्या सांगू लागल्या. "आमचे मालक गेले तवा माझा सुरेश दोन वर्षांचा. त्याला हिमायतनगरला आईपाशी ठिवलं अन् मी इथं नांदेडला दवाखान्यात आया म्हून लागले. सुट्टीला जायचे. निघताना रडंल म्हून त्यो झोपला की निघायचे. मग मी तिथं गेले की त्यो झोपंचना. आई म्हणायची, डोळे उघडे ठिवून पडतंय तुझं लेकरू."

"सुरेश आता कुठं असतात?"

"हैदराबादला. लई गुणाचा हाय. सून, नातू, समदं चांगलं हाय. मी गेले की आठ दिवस राहते. सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की त्यो जरा लवंडतो. तवा हसत हसत इचारतो, मजाक केल्यावानी, आई, आज जाणार न्हाईस ना?"

"मग?"

"न्हाई म्हणते. झोप म्हणते." मावशींनी दोरी हातातच धरून ठेवली. "मग त्यो उठंपर्यंत मी जाग्यावरून हालत न्हाई बगा. सून म्हणती, आत्या, पाणी तरी पिऊन या. मी म्हणते, तूच दे आणून."